घशाशी येणारं पित्त: मुंबईच्या धावपळीत ते आटोक्यात कसं आणायचं

सकाळी उठल्या उठल्या आवाज घोगरा. दिवसभर घसा खाकरत राहायचं, काहीतरी अडकल्यासारखं वाटतं म्हणून आवंढे गिळत राहायचे, आणि छातीत जळजळ मात्र नावालाही नाही. अशा माणसाला 'तुला पित्त आहे' असं सांगितलं तर पटत नाही. मी शाळेत शिकवते. चौथ्या तासाला माझा आवाज फुटायला लागला, तेव्हा कुणी खडूच्या धुळीला दोष दिला, कुणी एसी लोकलला, कुणी मेट्रोच्या खोदकामाला. अँटिबायोटिकं झाली, ॲलर्जीच्या गोळ्या झाल्या. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घालून घसा पाहिला, स्वरयंत्राची सुजलेली मागची बाजू स्क्रीनवर दाखवली आणि विचारलं, "रात्री किती वाजता जेवता?"

डॉक्टर याला लॅरिंगोफॅरिंजियल रिफ्लक्स म्हणतात, थोडक्यात एलपीआर. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूचा एक वळसा झडपेचं काम करतो. तो अवेळी सैल पडला की जठरातलं आम्ल वर येतं. अन्ननलिकेला थोडंफार आम्ल सोसायची सवय असते, घशाला आणि स्वरयंत्राला ती नसते. त्यामुळे जेवढ्याने छातीला काही कळतही नाही, तेवढ्याने घसा दुखावतो. आम्लाबरोबर पेप्सिन नावाचा पाचक रसही वर येतो. संशोधकांचं म्हणणं असं की हे पेप्सिन घशाच्या अस्तरात बसून राहतं आणि पुढे आंबट काही आलं की पुन्हा कामाला लागतं, मग ते आंबट खालून येवो नाहीतर वरून ग्लासातून.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. आपले बरेचसे घरगुती उपाय पोटासाठी आहेत, आणि पोटाला बरं वाटतं ते घशाला मानवेलच असं नाही.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- एक छोटी वही
- रोज आवाज रेकॉर्ड करायला मोबाइल
- पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली ठेवायला लाकडी ठोकळे, किंवा फोमची उतरती गादी, किंवा घरातल्या तीन जाड गोधड्या
- संध्याकाळसाठी वेगळा डबा
- साळीच्या लाह्या, धने, बडीशेप
- आणि दोन-तीन महिन्यांचा धीर. छातीतली जळजळ आठवड्या-दोन आठवड्यांत कमी होऊ शकते, घसा मात्र सावकाश भरून येतो.

१. हे पित्तच आहे का, ते आधी पाहा

२००२ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 'रिफ्लक्स सिम्प्टम इंडेक्स' नावाची नऊ प्रश्नांची यादी केली. ती आजही वापरली जाते. गेल्या महिन्याभराचा विचार करून प्रत्येक तक्रारीला शून्य ते पाच गुण द्यायचे: आवाज घोगरा होणं, सारखा घसा खाकरणं, घशात कफ साठल्यासारखं वाटणं, गिळायला त्रास, जेवल्यावर किंवा आडवं झाल्यावर खोकला, ठसका लागून श्वास अडकणं, त्रासदायक खोकला, घशात गोळा असल्यासारखं वाटणं, आणि छातीत जळजळ किंवा आंबट घशाशी येणं. बेरीज १३ च्या वर गेली तर पित्ताचा संशय घ्यायला जागा आहे.

मात्र हा फक्त संशय. ॲलर्जीचं सर्दीपडसं आणि नाकामागून घशात उतरणारा कफ यांचे गुणही इथे भरपूर येतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो, विशेषतः रॅमिप्रिल, एनालाप्रिल अशा 'प्रिल'वाल्या. ती गोळी आपल्या मनाने बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. आणि मुंबईत राहून दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर 'पित्ताचाच असेल' म्हणून बसून राहायचं नाही, आधी टीबीसाठी थुंकी तपासायची. पालिकेच्या दवाखान्यात ही तपासणी फुकट होते.

२. इथे घरगुती उपाय नकोत

घास अडकतो किंवा गिळताना दुखतं. वजन आपोआप उतरतंय. उलटीत रक्त किंवा शौचाला डांबरासारखं काळं होतंय. मानेत गाठ लागते. एकाच बाजूचा कान दुखतो. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आहे. यातलं एकही लक्षण असेल तर पुढचं वाचण्याआधी डॉक्टरांची वेळ घ्या. तंबाखू, मिश्री, गुटखा, विडी, सिगारेट यांपैकी काही चालू असेल किंवा पूर्वी होतं, तर एक दिवसही लांबवू नका.

दुसरी गोष्ट छातीची. आपल्याकडे छातीत दाबल्यासारखं झालं की 'गॅस झालाय' म्हणून ईनो पाजतात. घाम फुटलाय, दुखणं हातात, जबड्यात किंवा पाठीत जातंय, जिना चढताना वाढतंय, तर ते हृदयाचं असू शकतं. १०८ ला फोन करा. खरंच गॅस निघाला तर कुणी हसणार नाही.

३. दोन आठवडे वही

काय खाल्लं यापेक्षा *कधी* खाल्लं ते लिहा. जेवणाची वेळ, आडवं झाल्याची वेळ, आणि सकाळचा घसा शून्य ते पाच. सकाळी चहाच्या आधी मोबाइलवर रोज तेच वाक्य वाचून रेकॉर्ड करा. मी पाठ्यपुस्तकातला एकच उतारा वाचायचे. आपला आवाज आपल्याला रोज सारखाच वाटतो, पण पहिला आणि पंधरावा दिवस लागोपाठ ऐकला की फरक ऐकू येतो.

४. रात्रीचं जेवण मोडून दोन करा

सगळ्यात जास्त गुण इथे आला, आणि मुंबईकराला सगळ्यात अवघडही हेच वाटतं. सल्ला सोपा आहे: जेवण आणि झोप यात तीन तासांचं अंतर. पण फोर्टातून साडेसहाला सुटलेला माणूस बदलापूरला किंवा विरारला नऊला पोचतो, दहाला जेवतो, अकराला आडवा होतो, कारण सकाळची ५.५० गाठायची असते. त्याने तीन तास आणायचे कुठून?

जेवण पुढे ढकलता येत नसेल तर अलीकडे ओढायचं. सकाळी डबा भरतानाच दुसरा छोटा डबा भरा: दोन पोळ्या आणि सुकी भाजी. तो ऑफिसातच सहाच्या सुमाराला, गाडी पकडायच्या आधी खायचा. हेच खरं रात्रीचं जेवण. घरी पोचल्यावर वाटीभर मऊ भात आणि मुगाचं वरण, किंवा मेतकूट-भात, वर चमचाभर तूप. चार वाट्या नव्हे, एकच. 'घरचे सगळे जेवतात, मी एकटीच कशी बसू?' हा प्रश्न आमच्याकडेही आला. पानावर बसायचं, गप्पा मारायच्या, वाटीच संपवायची. पहिला आठवडा सासूबाईंना वाटलं मी रुसले आहे.

संध्याकाळच्या डब्याचा आणखी एक फायदा: भुकेच्या तोंडी स्टेशनाबाहेरचा वडापाव सुटतो. तळणीचं तेल जठरात बराच वेळ रेंगाळतं, आणि चरबीने तो स्नायूचा वळसाही सैल पडतो. मिसळ, पावभाजी, शेजवान काहीतरी हे दुपारी, महिन्यातून कधीतरी, आणि झोप लांब असताना. चहा पूर्ण सोडायला सांगितलं तर कुणीच ऐकणार नाही, म्हणून एवढंच: सकाळी रिकाम्या पोटी नको, आधी काहीतरी खा, आणि दुपारी चारनंतर कटिंगसुद्धा नको. कॉफी, चॉकलेट, दारू आणि पुदिना हेही त्या वळशाला सैल करतात. पुदिन्याचं नाव यात पाहून बहुतेकांना आश्चर्य वाटतं, कारण तो थंड लागतो.

उपास जपून करा. दिवसभर चहावर काढायचा आणि रात्री साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, दाण्याची आमटी, म्हणजे एकादशी आणि दुप्पट खाशी. पित्तवाल्याला याहून वाईट वेळापत्रक नाही.

जेवल्यावर शतपावली जरूर, सावकाश. वाकून लादी पुसणं, जड सामान उचलणं, सूर्यनमस्कार, कपालभाती हे मात्र जेवल्यावर दोन-तीन तास नाही. कमरेला करकचून बांधलेला पट्टा किंवा साडीच्या परकराची नाडी जठरावर दाब देते, ती सैल करा. पोट सुटलेलं असेल तर थोडं वजन उतरण्याचा उपयोग कुठल्याही चूर्णापेक्षा जास्त होतो.

५. झोपायची जागा उतरती करा

उशा वाढवू नका. दोन-तीन उशा घेतल्या की मान मोडते, पोट दुमडतं आणि दाब उलट वाढतो. कमरेपासून वरचं सगळं अंग एका उतारावर हवं, डोक्याकडची बाजू १५ ते २० सेंटिमीटर उंच.

पलंगाला पाय असतील तर सुताराकडून दोन ठोकळे करून घ्या, मधे खोबण पाडून, म्हणजे पाय घसरणार नाही. पण मुंबईत पलंग म्हणजे बहुधा खाली सामान कोंबलेला बॉक्सचा पलंग. तो उचलला जात नाही. त्यावर फोमची उतरती गादी लागते. फोमवाल्याला माप द्या, तो कापून देतो. ती कमरेपर्यंत लांब हवी. दुकानात तयार मिळणाऱ्या आखूड तुकड्यावर फक्त खांदे चढतात आणि पुन्हा तेच दुमडणं.

आणि जमिनीवर झोपणाऱ्यांनी? वन-रूम-किचनमध्ये रात्री बिछाने पसरले जातात, तिथे ठोकळे कशाखाली ठेवणार? तीन गोधड्या पायऱ्यांसारख्या रचा. सगळ्यात खालची कमरेपर्यंत येईल अशी दुमडायची, दुसरी पाठीच्या मध्यापर्यंत, तिसरी खांद्यापर्यंत, आणि त्यावर नेहमीची गादी. लादीवर हे सगळं रात्रीतून सरकतं, म्हणून खाली रबरी पायपुसणं किंवा योगा मॅट घाला. गुडघ्याखाली एक छोटी उशी घेतली तर आपणही घसरत नाही.

कुशीचंही महत्त्व आहे. डाव्या कुशीवर जठर खाली आणि अन्ननलिकेचं तोंड वर राहतं. उजव्या कुशीवर नेमकं उलटं. रात्रीत कूस बदलतेच, पण झोप लागताना तरी डावी धरा.

६. घरगुती उपाय: कोणते ठेवायचे, कोणते सोडायचे

अम्लपित्त आपल्या वैद्यकाला नवं नाही, माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यामुळे घराघरात उपायांची रेलचेल असते आणि प्रत्येक मावशीचा आपला एक असतो. मी ते घशाच्या नजरेने निवडले.

ठेवायचे. साळीच्या लाह्यांचं पाणी माझं आवडतं. लक्ष्मीपूजनाला आणतो त्याच लाह्या. मूठभर लाह्या ग्लासभर पाण्यात अर्धा तास भिजवायच्या, हाताने कुस्करायच्या, गाळायचं आणि घोटघोट प्यायचं. हवा तर खडीसाखरेचा खडा. चमत्कार काही नाही, पण हलकं आहे, आंबट नाही आणि दुपारच्या चहाच्या जागी बसतं. धने रात्रभर भिजवून त्याचं पाणीही तसंच निरुपद्रवी. जेवल्यावर बडीशेप चांगली, कारण चावल्याने लाळ सुटते, आणि लाळेत आम्ल मारणारा बायकार्बोनेट असतो. साखर न घातलेलं च्युइंगम त्याच कारणाने चालतं, फक्त मिंटचं नको. पिकलेलं केळं बहुतेकांना सोसतं. चमचाभर मध घशाला लेप देतो; मधुमेह असेल तर नको, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला कधीच नाही.

पोटाने श्वास घेण्याचा सराव याच यादीत घाला. छाती न हलवता, पोट फुगवून, दिवसातून दोन-तीनदा पाच-पाच मिनिटं. तो स्नायूचा वळसा श्वासपटलाला लागूनच आहे, आणि छोट्या अभ्यासांत याने फायदा दिसला आहे. लोकलमध्ये बसायला मिळालं तर तिथेही होतं.

सांभाळून. ज्येष्ठमधाची काडी गाणारे लोक खिशात ठेवतात, घशाला खरंच आराम पडतो. पण त्यातल्या ग्लिसरायझिनने रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार, लघवीच्या गोळ्या किंवा गरोदरपण असेल तर नाहीच. इतरांनी छोटा तुकडा, थोडे दिवस. आवळा आयुर्वेदात पित्तशामक मानला आहे, मात्र घसा सोललेला असताना त्याचा रस झोंबतो. घसा शांत झाल्यावर जेवणासोबत मोरावळ्याची फोड खाऊन पाहा. ताक ताजं, गोडसर आणि दुपारी.

थंड दुधाने लगेच बरं वाटतं, पण थोड्या वेळाने जठर उलट जास्त आम्ल सोडतं. हळदीचं दूध तर घसा बसला की आपल्याकडे पहिला उपाय, आणि तो झोपतानाच दिला जातो. पित्ताच्या घशाला ही वेळ अगदी चुकीची, कारण भरल्या पोटाने आडवं होणं हाच तर मूळ त्रास. घ्यायचंच तर संध्याकाळी.

सोडायचे. सकाळचं लिंबू-मध पाणी. ॲपल सायडर व्हिनेगर, ज्याचं कौतुक व्हॉट्सॲपवर संपत नाही. कोकम सरबत: कोकणी माणसाला हे सोडा म्हणणं जिवावर येतं, पण ग्लासभर आंबट घशावरूनच उतरतं. आमटीत दोन आमसुलं पडली म्हणून काही बिघडत नाही. मिरी-सुंठ-लवंगेचा काढा, जो करोनाच्या वर्षांत घराघरात मुरला. घरच्या कोरफडीचा गर, कारण सालीखालच्या पिवळ्या चिकाने जुलाब होतात. मेन्थॉलच्या खोकल्याच्या गोळ्या. खाण्याचा सोडा आणि ईनो क्वचित एखादेवेळी ठीक, रोज नाही: त्यात सोडियम भरपूर, आणि फुगलेल्या पोटातून येणारी ढेकर आम्ल घेऊनच वर येते.

सगळ्यात वाईट म्हणजे घशात बोटं घालून पित्त काढणं. मिठाचं पाणी पिऊन सकाळी उलटी करणारे लोक प्रत्येक चाळीत भेटतात आणि 'डोकं हलकं झालं' म्हणतात. जे आम्ल घशापर्यंत येऊ नये म्हणून आपण गोधड्या रचतोय, तेच इथे वाटीने घशावर ओतलं जातं. दातांचं इनॅमलही जातं.

सूतशेखर, कामदुधा ही नावं औषधाच्या दुकानात सहज घेतली जातात. सूतशेखरात पारा आणि धातूंची भस्मं असतात. वैद्यांनी नाडी-जीभ पाहून, ठरावीक दिवसांसाठी दिलं तरच घ्या. वरळीच्या पोदार आयुर्वेद रुग्णालयात ओपीडी आहे. तिथे दाखवलं तर ॲलोपॅथीच्या चालू गोळ्याही सांगा.

७. खाकरणं थांबवा

खाकरताना स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, त्याने सूज वाढते, सुजेने पुन्हा खाकरावंसं वाटतं. खाकर आली की पाण्याचा घोट घ्या किंवा आवंढा गिळून टाका. कुजबुजून बोलणं हा आराम नाही, त्यानेही ताण येतो. हळू, पण नेहमीच्या आवाजात बोला. शिक्षक, फेरीवाले, कीर्तनकार, कॉल सेंटरवाले यांनी बाटली जवळ ठेवावी. कोमट पाण्याच्या गुळण्या चालतात.

८. गोळ्यांबद्दल थोडं

पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, लॅन्सोप्राझोल या गोळ्या जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायच्या असतात. जेवल्यावर आठवण झाली म्हणून घेतलेली बऱ्याच अंशी वाया जाते. छातीत जळजळ असणाऱ्यांना त्यांचा गुण येतो. नुसत्या घशाच्या तक्रारीला मात्र तेवढी खात्री नाही. २०२१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या चाचणीत अशा रुग्णांना १६ आठवडे दिवसातून दोनदा लॅन्सोप्राझोल दिलं, तरी औषध नसलेली दिसायला तशीच गोळी घेणाऱ्यांपेक्षा विशेष फरक पडला नाही. म्हणून पायरी चार आणि पाच न करता नुसत्या गोळ्यांवर विसंबू नका.

बरेच महिने चालू असलेली गोळी एकदम सोडली तर आम्ल उसळून येतं, ती डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवायची. दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ कमी होऊ शकतं. शाकाहाऱ्यांचं ते बऱ्याचदा आधीच कमी असतं, तेव्हा रक्त तपासून घ्या. डॉमपेरिडोन असलेली जोडगोळी केमिस्टकडून आपणहून आणून महिनोन्‌महिने घेऊ नका, काहींच्या हृदयाच्या ठोक्यांवर तिचा परिणाम होतो. समुद्री शेवाळापासून केलेलं अल्जिनेटचं सिरप जेवणानंतर आणि झोपताना घेतलं की जठरातल्या पातळ पदार्थावर सायीसारखा थर धरतं. डॉक्टरांना त्याबद्दल विचारून पाहा.

९. डॉक्टरांकडे जाताना

दोन-तीन महिने हे सगळं करूनही घसा तसाच असेल, किंवा दुसऱ्या पायरीतलं काही असेल, तर कान-नाक-घसा विभागात जा. परळचं केईएम, सायन, नायर, कूपर ही पालिकेची रुग्णालयं आणि भायखळ्याचं जे.जे. यांत ओपीडी सकाळी असते. केसपेपरच्या रांगेला लवकर लागा आणि विभागाचे वार आधी विचारून घ्या.

सोबत न्यायचं:

- आधार कार्ड, जुने केसपेपर, जुने रिपोर्ट
- चालू असलेल्या *सगळ्या* गोळ्यांची पाकिटं, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीची धरून
- वही, आणि मोबाइलमधली रेकॉर्डिंग
- नऊ प्रश्नांचे गुण, सुरुवातीचे आणि आजचे

घशाची दुर्बीण काही मिनिटांची असते. नाकात बधिर करणारा फवारा मारतात, डोळ्यांत पाणी येतं, दुखत फारसं नाही. त्यानंतर घसा बधिर असेपर्यंत खाऊ-पिऊ नका, ठसका लागतो. जठराची एंडोस्कोपी सांगितली तर काही तास उपाशी राहावं लागतं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन त्या सकाळी घ्यायचं का, ते आदल्या दिवशीच विचारा. क्वचित २४ तासांची पीएच चाचणी सांगतात, म्हणजे आम्ल किती वेळा वर येतं ते मोजतात: नाकातून बारीक नळी, कमरेला छोटं यंत्र, आणि घरी पाठवतात. त्या दिवशी मुद्दाम साधं खाऊ नका. नेहमीसारखं जेवा, नेहमीच्या वेळी, नाहीतर यंत्रात काहीच दिसत नाही. आणि शक्य असेल तर शाळा-ऑफिसाला सुट्टी टाका, नाकातली नळी घेऊन कल्याण फास्टमध्ये चढणं सोपं नसतं.